सँ-मालो : ओहोटीच्या वेळेवर चालायचं बंदर

सँ-मालोला जायचं ठरलं की हॉटेल शोधण्याआधी भरती-ओहोटीचं कोष्टक उघडावं. फ्रान्सच्या वायव्येला, ब्रिटनीच्या उत्तर किनाऱ्यावरचं हे तटबंदीचं गाव पायी बघायला चार दिवस पुरतात, पण ते चार दिवस कोणते, यावर पुष्कळ अवलंबून आहे. सरासरी उधाणाला इथे ओहोटीचं पाणी दीड मीटरवर उतरतं आणि भरतीला १२ मीटरच्या वर चढतं. मोठ्या उधाणाला हा फरक १३ मीटरपर्यंत जातो. मुंबईत पाच मीटरच्या जवळपास भरती येणार म्हटलं की बातमी होते, त्यावरून कल्पना यावी.

फ्रान्समध्ये प्रत्येक भरतीला २० ते १२० असा एक गुणांक देतात. ४५ म्हणजे सरासरी भांग (लहान भरती-ओहोटी), ७० मध्यम, ९५ सरासरी उधाण (मोठी). अमावास्या-पौर्णिमेनंतर साधारण दीड-दोन दिवसांनी गुणांक सर्वांत मोठा असतो, आणि वर्षातली सर्वांत मोठी उधाणं मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवाजवळ येतात. सँ-मालोची एक सोय अशी की मोठ्या गुणांकाच्या दिवसांत ओहोटी नेहमी दुपारी पडते. उन्हाळी घड्याळाप्रमाणे साधारण २ ते ४च्या दरम्यान. भरती सकाळी आणि संध्याकाळी आठच्या आसपास. भांगाच्या दिवसांत हे उलटं होतं: ओहोटी सकाळी लवकर आणि रात्री, दुपारी भरती. म्हणजे बेटांवर चालत जायचं असेल तर गुणांक ८० ते १००च्या मधले दिवस निवडावेत. ओहोटी भर दुपारी मिळते आणि त्याच संध्याकाळी तटावरून भरलेला समुद्रही दिसतो.

कोष्टक गावात पर्यटन कार्यालयात आणि तंबाखू-वर्तमानपत्राच्या दुकानांत मिळतं. त्यात पहिल्यांदा एकच गोष्ट तपासायची: वेळा उन्हाळी घड्याळाच्या आहेत की नाहीत. काही छापील कोष्टकं वर्षभर हिवाळी वेळच देतात आणि मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर त्यात एक तास मिळवायला सांगतात. ही सूचना बारीक अक्षरांत असते. एक तासाची ही चूक बेटावर अडकवते.

पहिला दिवस : स्टेशनपासून तटापर्यंत

पॅरिसच्या माँपारनास स्थानकातून सँ-मालोला थेट तेजेव्हे, म्हणजे जलदगती, गाड्या आहेत. २०१७मध्ये रेन शहरापर्यंतचा जलदगती मार्ग सुरू झाल्यापासून थेट गाडीला अडीच तासांच्या आसपास लागतात. थेट गाडी नसेल तर रेनला उतरून प्रादेशिक गाडी धरायची, तिला तासाभराच्या आत-बाहेर वेळ लागतो. तेजेव्हेचं तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. प्रादेशिक गाडीचं भाडं सहसा आयत्या वेळीही तेवढंच असतं.

स्टेशन गावाच्या पूर्वेला आहे. समोरचा सरळ रस्ता धरला की १५ ते २० मिनिटांत पोर्त सँ-व्हॅन्साँ हा तटाचा मुख्य दरवाजा येतो. वाटेत बंदराच्या गोद्या लागतात. तटाच्या आतल्या भागाला अँत्रा-म्युरोस म्हणतात. आत दगडी फरसबंदी आहे आणि बऱ्याच इमारतींना लिफ्ट नाही. मोठी चाकाची बॅग असेल तर खोली घेताना मजला विचारून घ्या. स्टेशनजवळ राहिलं तर भाडं कमी पडतं, पण दिवसातून दोनदा ती वीस मिनिटं चालावी लागतात. गाडी घेऊन येणाऱ्यांनी ती तटाबाहेर ठेवण्याचीच तयारी ठेवावी. जुलै-ऑगस्टमध्ये जागा मिळणं कठीण असतं.

तटाचा पूर्ण फेरा पावणेदोन किलोमीटरचा आहे आणि वर जायला पैसे लागत नाहीत. प्रदक्षिणेच्या दिशेने फिरावं, म्हणजे गाव उजव्या हाताला राहतं आणि बाहेरचं दृश्य डाव्या हाताला सलग उलगडतं: आधी गोद्या, मग राँस नदीचं मुख, मग बेटं, मग उघडा समुद्र. थांबत-थांबत दीड ते दोन तास धरा. जूनअखेर इथे सूर्य रात्री दहानंतर मावळतो, त्यामुळे जेवून निघालं तरी चालतं. तटावर जायच्या पायऱ्या जवळपास प्रत्येक दरवाज्यापाशी आहेत. उतार मात्र फारसे नाहीत, त्यामुळे व्हीलचेअर किंवा बाबागाडीला हा फेरा जड जातो. पश्चिमेच्या बाजूला वारा जोराचा असतो. ऑगस्टमध्येही वारा अडवणारं एक जाकीट बरोबर हवं, छत्रीचा तिथे उपयोग नाही.

तटाचा सर्वांत जुना भाग बाराव्या शतकातला. आज दिसणारा बराचसा तट अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात वाढवला गेला. किल्लेबांधणीत नाव काढलेल्या वोबाँच्या देखरेखीखाली सिमेआँ गारांजो या अभियंत्याने त्याचे आराखडे केले. १७०८ ते १७४२ या काळात गाव चार टप्प्यांत दक्षिणेकडे-पूर्वेकडे वाढवलं आणि तट पुढे सरकवला. आग्नेयेच्या बुरुजाजवळ द्युगे-त्रुआँ या नौदल सेनानीचा पुतळा आहे, पश्चिमेच्या हॉलंड बुरुजावर ज़ाक कार्तिएचा. कार्तिए १५३४मध्ये इथून निघून आजच्या कॅनडातल्या सेंट लॉरेन्सच्या आखातात पोचला, म्हणून इथे ठिकठिकाणी क्वेबेकचा निळा झेंडा दिसतो. याच बुरुजापाशी गावाचे राखणीचे कुत्रे ठेवलेले असत. रात्री घंटा झाली की दरवाजे बंद करून त्यांना किनाऱ्यावर सोडत, कारण ओहोटीला जहाजं वाळूवर उघडी पडत आणि चोरांना चालत जाता येई. १७७०मध्ये एका नौदल अधिकाऱ्याचा जीव गेल्यावर ती प्रथा बंद झाली.

पुढे वायव्य कोपऱ्यात बिदुआन बुरुजाजवळ रोबेर स्युरकूफ समुद्राकडे बोट दाखवत उभा आहे. भारतातून येणाऱ्याने इथे जरा थांबावं. ७ ऑक्टोबर १८०० रोजी याच माणसाने ‘काँफियान्स’ या लहान जहाजातून बंगालच्या उपसागरात ईस्ट इंडिया कंपनीचं कितीतरी मोठं ‘केंट’ जहाज चढाई करून पकडलं. राजाचा किंवा सरकारचा परवाना घेऊन शत्रूची व्यापारी जहाजं लुटणारे हे कोर्सेर कप्तान, आणि त्या लुटीतून गावाचा एक हिस्सा उभा राहिला. स्युरकूफ गुलामांच्या व्यापारातही होता, हे पुतळा बघताना माहीत असावं. १७४६मध्ये मद्रास इंग्रजांकडून घेणारा माए द ला बूर्दोने हाही इथलाच, जन्म १६९९चा. आणि आतल्या अस्फेल्द रस्त्यावर १७२५चा एक मोठा वाडा आहे, जहाजमालक आणि फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक मागों द ला लाँद यांनी बांधलेला. मार्गदर्शकाबरोबर तो आतून बघता येतो. पुतळ्यांपेक्षा हा वाडा जास्त सांगतो. भारताच्या किनाऱ्यावरचं कापड आणि मिरी विकून आलेला पैसा दगडात कसा उतरला ते तिथे कळतं.

गावाचा आतला भाग बघताना एक लक्षात ठेवावं: यातलं बरंचसं १९४४नंतरचं आहे. त्या ऑगस्टमध्ये अमेरिकी सैन्याच्या वेढ्यात, बॉम्ब आणि आगीत तटाच्या आतलं सुमारे ८० टक्के गाव गेलं. तट मात्र टिकला. लोकांनी गाव जुन्या वळणाने, त्याच ग्रॅनाइटमध्ये, उंच धुराडी आणि स्लेटची तीव्र उताराची छपरं ठेवून पुन्हा बांधलं, रस्ते तेवढे थोडे रुंद केले. जुनं-नवं ओळखायचं असेल तर दगडांचे सांधे बघा. एकसारखे कापलेले दगड आणि एका रेषेतल्या खिडक्या बहुधा नव्या. पेलिको रस्ता आणि ला उसे चौकाच्या आसपास जुन्या घरांचे नमुने उरलेत. सँ-व्हॅन्साँ कॅथेड्रलचा कळस १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा चढवला. आत जमिनीवर एक लेख आहे, १५३५मध्ये दुसऱ्या सफरीआधी कार्तिएने जिथे गुडघे टेकून बिशपचा आशीर्वाद घेतला त्या जागेचा. त्याची कबरही इथेच आहे.

जेवणाचं वेळापत्रक कडक असतं. दुपारी १२ ते २, रात्री ७नंतर. तीनला भूक लागली तर बेकरीशिवाय फारसं काही मिळत नाही, आणि सोमवारी बरीच ठिकाणं बंद असतात. इथलं रोजचं खाणं गालेत, म्हणजे कुट्टूच्या पिठाची पातळ, काळपट, खारी पोळी. गव्हाची गोड ती क्रेप. ‘काँप्लेत’ मागवली तर त्यात हॅम, चीज आणि अंडं येतं. शाकाहारी मंडळींनी ‘साँ जांबाँ’, म्हणजे हॅमशिवाय, असं सांगावं, किंवा चीज-मशरूमची मागावी. सॅलडमध्येही न सांगता डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, ‘लार्दाँ’, घातलेले असतात, तेव्हा तिथेही विचारून घ्यावं. लोणी इथे खारंच असतं आणि फार चांगलं असतं. क्विन-अमान हा लोणी-साखरेचा थरांचा केक एक घेतला तर दोघांना पुरतो.

दुसरा दिवस : ओहोटीची बेटं

हा दिवस पूर्णपणे कोष्टकावर चालतो. समजा, गुणांक ९५च्या पुढचा आहे, ओहोटी १४:३०ला आणि भरती २०:००ला. मग जेवण बारालाच आटपायचं आणि साडेबाराला पोर्त दे शाँ-व्होव्हेर या दरवाज्यातून बाँ-सकूरच्या वाळूवर उतरायचं.

समोर दोन बेटं आहेत, ग्राँ बे आणि त्यामागे पती बे. ग्राँ बेकडे जाणारी दगडी वाट आहे. आपल्या हाजी अलीसारखी ती भरतीला पाण्याखाली जाते, फक्त इथे तिच्यावर कित्येक मीटर पाणी चढतं आणि कठडा-दिवे काही नाहीत. वाट नुकतीच उघडी पडली असेल तर दगडांवर हिरवं शेवाळ ओलं असतं. घसरून मनगट मोडण्याचे प्रकार इथेच होतात, लाटांत नव्हे. गुळगुळीत तळव्याचे बूट आणि चपला नकोत. वाळूतून जायचं ठरवलं तर मऊ, चमकणारा भाग टाळून लाटांच्या बारीक रेघा उमटलेल्या घट्ट वाळूवरून चालावं.

ग्राँ बेवर चढायला दहा मिनिटं लागतात. समुद्राकडच्या टोकाला लेखक शातोब्रियाँ यांची कबर आहे. ते १७६८मध्ये याच गावात जन्मले आणि १८४८मध्ये गेले. ही जागा त्यांनी हयातीतच मागून घेतली होती. साधी ग्रॅनाइटची शिळा आणि क्रूस, त्यावर नाव नाही. बेटावर पक्षी घरटी करतात, त्यामुळे आखलेली वाट सोडू नये. वसंतात सीगल डोक्यावर झेप घेतात.

ग्राँ बेच्या पलीकडे उतरून पती बेला जाता येतं. तिथला किल्ला १६८९पासून वोबाँच्या योजनेप्रमाणे बांधला. ही दुसरी वाट पहिलीपेक्षा खालच्या पातळीवर आहे, म्हणून ती उशिरा उघडते आणि लवकर बुडते. लहान गुणांकाच्या दिवशी ती चालण्याजोगी उघडतेच असं नाही. नियम असा ठेवावा: आधी लांबचं, मग जवळचं. ग्राँ बेवर न रेंगाळता थेट पती बे गाठायचं, किल्ला बघून ओहोटीच्या वेळेनंतर तासाभरात परत ग्राँ बेवर यायचं आणि दीड तासाच्या आत मुख्य किनाऱ्यावर. या उदाहरणात म्हणजे साडेतीनपर्यंत ग्राँ बेवर परतायचं आणि चारला बाँ-सकूरच्या वाळूवर.

एवढी घाई कशाला, असं वाटतं, कारण साडेतीनला पाणी खूप लांब दिसत असतं. इथे खलाशांचा बाराव्या भागाचा हिशेब समजून घ्यावा. ओहोटी ते भरती या काळाचे सहा सारखे भाग करायचे. पाण्याची एकूण चढ १२ भागांची मानली तर पहिल्या भागात १, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ३, चौथ्यात ३, पाचव्यात २ आणि सहाव्यात १ भाग पाणी चढतं. आपल्या उदाहरणात साडेपाच तास आहेत, म्हणून एक भाग ५५ मिनिटांचा. चढ १२ मीटर धरली तर १५:२५पर्यंत पाणी फक्त १ मीटर चढलेलं असतं, १६:२०ला ३ मीटर आणि १७:१५ला ६ मीटर. तिसऱ्या आणि चौथ्या भागात दर मिनिटाला पाच सेंटिमीटरहून जास्त. सपाट वाळूवर हे पाणी समोरून येत नाही, आधी बाजूच्या खोलगट चरांतून मागे शिरतं. पुढची वाळू कोरडी दिसत असते आणि परतीची वाट बुडत असते. त्यात सँ-मालोला पाणी उतरायला लागतं त्यापेक्षा चढायला कमी वेळ लागतो, म्हणून सकाळी ओहोटी बघून बांधलेला अंदाज दुपारी चुकतो.

वाटेवर पाणी आलंच असेल तर ओलांडू नये. तळपायाएवढं दिसलं तरी प्रवाह आडवा असतो आणि खाली शेवाळ. बेटावरच उंचावर थांबायचं. पाणी चढून पुन्हा वाट उघडेपर्यंत सहा तास किंवा थोडे जास्त जातात. गैरसोय होते, पण धोका नाही. म्हणून पाण्याची बाटली, खाऊ, जाकीट आणि चार्ज असलेला फोन बरोबर हवा. खरी अडचण आली तर समुद्रातल्या मदतीसाठी फ्रान्समध्ये १९६ हा क्रमांक आहे, आणि सर्वसाधारण आणीबाणीसाठी ११२.

वेळेत परत आलात की बाँ-सकूरच्या वाळूवरच समुद्राच्या पाण्याचा तलाव आहे. १९३०च्या दशकात बांधलेल्या काँक्रीटच्या भिंती भरतीचं पाणी धरून ठेवतात, म्हणून ओहोटीतही पोहता येतं. उडी मारायचा मनोराही आहे. भरतीला तलाव बुडतो आणि मनोरा तेवढा पाण्यातून वर दिसतो. पाणी ऑगस्टमध्येही थंड असतं, कोकणातल्या समुद्राची सवय असलेल्यांनी हळूहळू उतरावं.

फोर नासिओनाल हा दुसरा किल्ला वेगळ्या बाजूला, गावाच्या जुन्या गढीसमोरच्या एव्हाँताय किनाऱ्यावर. तोही १६८९चा. मुख्यतः उन्हाळ्यात आणि फक्त ओहोटीला उघडतो. उघडा असला की वर फ्रान्सचा झेंडा लावलेला दिसतो, झेंडा नसेल तर वाळूतून पायपीट करू नये. पती बे आणि हा किल्ला एकाच ओहोटीत बसवायचा प्रयत्न बरेच जण करतात आणि दोन्हीकडे धावपळ होते. दुसऱ्या दिवशी ओहोटी साधारण पाऊण तास उशिरा येते, तेव्हा हा किल्ला उद्यासाठी ठेवावा किंवा सोडून द्यावा. आम्ही पती बेला झुकतं माप देऊ: तिथे गर्दी कमी आणि मागे वळून दिसणारं गाव जास्त पूर्ण. तिकिटासाठी थोडी रोख जवळ ठेवावी.

संध्याकाळी सातनंतर तटावर पुन्हा जा, बिदुआन बुरुजापाशी. दुपारी चाललेली वाट कुठे होती ते शोधूनही सापडत नाही. मोठा गुणांक आणि वायव्येचा वारा एकत्र आले तर पूर्वेच्या सियाँ किनाऱ्यावर लाटा बांधाला आपटून घरांच्या खिडक्यांपर्यंत उडतात. बघायला गर्दी जमते. लाटेबरोबर गोटे येतात, म्हणून अडथळे लावलेत तिथपासून मागेच राहावं, आणि कॅमेऱ्याला खाऱ्या पाण्यापासून जपावं.

तिसरा दिवस : सँ-सेरव्हाँ, राँसचं धरण आणि दिनार

आज १३-१४ किलोमीटर चाल आहे आणि ओहोटीचं बंधन जवळपास नाही. सगळा मार्ग किनाऱ्याच्या जुन्या जकातदारांच्या वाटेवरून, जीआर ३४ या लांब पल्ल्याच्या पायवाटेवरून जातो. वर पांढरा, खाली लाल असे दोन आडवे पट्टे म्हणजे बरोबर वाट, त्याच रंगांची फुली म्हणजे चुकीची.

तटाच्या दक्षिणेकडून निघून गोदीचं दार ओलांडायचं. हे दार बंदराच्या आतल्या गोद्यांतलं पाणी एका पातळीवर धरून ठेवतं, नाहीतर दर ओहोटीला जहाजं तळाला टेकली असती. जहाज आत-बाहेर होत असेल तर पूल उघडतो आणि पायी जाणाऱ्यांनाही थांबावं लागतं, दहा-पंधरा मिनिटं हाताशी ठेवा. शेजारीच इंग्लंड आणि जर्सीच्या बोटींचा धक्का आहे. जर्सी बेट जवळ असल्यामुळे एका दिवसात जाऊन यायचा मोह होतो. भारतीय पासपोर्टवाल्यांनी इथे जपावं: जर्सी शेंगेनमध्ये नाही, तिथे ब्रिटिश नियम चालतात, आणि एकदाच प्रवेशाचा शेंगेन व्हिसा असेल तर बोटीत चढल्यावर परतीचा प्रवेश संपलेला असतो.

पुढे सँ-सेरव्हाँ. हे १९६७पर्यंत स्वतंत्र गाव होतं. इथलं आलेत हे टेकाड सँ-मालोहून जुनं, रोमन काळापासून वसलेलं. बाराव्या शतकात बिशपची गादी इथून समोरच्या खडकावर हलली. टेकाडाभोवतीची वाट दीड-दोन किलोमीटरची आहे आणि पूर्ण फिरण्यासारखी. वर १७५९चा किल्ला, त्यात जर्मनांनी केलेलं काँक्रीट. तिथल्या पोलादी घुमट्या अजून आहेत, आणि त्यांवर तोफगोळ्यांनी पाडलेले खळगे हाताने चाचपता येतात. जर्मन सेनापती आउलोक १७ ऑगस्ट १९४४ला इथेच शरण आला. समोर दिसणारं सेझाँब्र बेट मात्र २ सप्टेंबरपर्यंत लढत राहिलं आणि बॉम्बफेकीत पार उलथलं. तिथे आजही आखलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकायला बंदी आहे. युद्धाबद्दल एकच जागा बघायची तर ती आलेत.

टेकाड उतरलं की सोलिदोर मनोरा, १३६९ ते १३८२मध्ये ब्रिटनीच्या ड्यूकने राँस नदीचं मुख ताब्यात ठेवायला बांधलेला. दिसायला एक, पण तीन मनोरे एकमेकांना जोडलेले. समोरच्या धक्क्यावर बसून डबा खायला ही जागा उत्तम आहे.

सोलिदोर ते धरण झाडीतून चढ-उताराची तासाभराची वाट. पावसानंतर चिखल आणि मुळं घसरडी होतात. राँसचं धरण १९६६मध्ये सुरू झालं. भरती-ओहोटीवर वीज करणारं जगातलं हे पहिलं मोठं केंद्र: ७५० मीटर लांब, प्रत्येकी १० मेगावॉटची २४ जनित्रं, म्हणजे एकूण २४० मेगावॉट. २०११मध्ये कोरियातलं सिह्वा केंद्र थोड्या फरकाने पुढे जाईपर्यंत हेच सर्वांत मोठं होतं. भरतीत नदीचं खोरं भरून घेतात, दारं लावतात, आणि बाहेरची पातळी पुरेशी उतरली की पाणी जनित्रांतून सोडतात. चालणाऱ्याला यातून एक धडा: धरणाच्या वर, नदीच्या बाजूला, सँ-मालोचं कोष्टक लागू होत नाही. तिथलं पाणी केंद्राच्या गरजेप्रमाणे चढतं-उतरतं. धरणावरची वाट रस्त्याला लागून, वाऱ्याची आणि गोंगाटाची आहे. थांबायचं ते दारं सुटलेली असताना खालचे भोवरे बघण्यापुरतं.

पलीकडे ला रिशार्देवरून, सँ-मालोच्या समोरच्या काठावरच्या दिनार गावाकडे पाच-सहा किलोमीटर. सुरुवातीला रस्त्यावरून जावं लागतं, ते कंटाळवाणं आहे. शेवटची समुद्रालगतची क्लेर द ल्यून ही वाट मात्र सपाट, वाऱ्यापासून सुरक्षित आणि ताडांची. परत येताना धरण नको. दिनारहून छोटी बोट दहा मिनिटांत तटाच्या दक्षिण दरवाज्याखाली आणून सोडते. ही बोट हंगामी आहे, आणि शेवटची फेरी लवकर असू शकते. सकाळी निघतानाच दरवाज्याखालच्या धक्क्यावर जाऊन आजच्या वेळांचा फोटो काढून ठेवावा. बोट चुकली तर बस आहे, ती लांबून फिरून येते.

चौथा दिवस : सियाँची वाळू आणि रोतेनफ

पूर्वेला सुमारे तीन किलोमीटरची सलग वाळू आहे. एके काळी वाळूची ही चिंचोळी पट्टीच काय ती तटातल्या गावाला मुख्य भूमीशी जोडत होती. तिथे जाड ओकच्या खोडांच्या रांगा रोवलेल्या दिसतात, लाटांचा जोर बांधापर्यंत पोचण्याआधी मोडायला. खोडं कुजतात, झिजतात, आणि बदलली जातात. शेजारी उभी असलेली जुनी आणि नवी ताडून बघा, खारं पाणी आणि वाळू काय करते ते दिसतं. पाणी चढत असताना मात्र त्यांच्या मध्ये जाऊ नये, खोडांच्या बुंध्याशी खड्डे पडलेले असतात.

ओहोटीला खालून वाळूवरून, भरतीला वरच्या बांधावरून. वाळूची पट्टी संपली की पायऱ्या चढून जीआर ३४ धरायची, मिनिइकचा किनारा आणि व्हार्दचं टोक करत रोतेनफला पोचायचं. गावापासून साधारण दोन-अडीच तास. तिथे आबे फुरे या धर्मगुरूने १८९४पासून पुढची कित्येक वर्षं समुद्रकाठच्या खडकांत कोरलेल्या आकृती आहेत. लाटा आणि वाऱ्याने त्यांची नाकं-डोळे पुसत चालले आहेत, आता-आता बघून घ्यावं असं हे काम आहे. प्रवेश सुरू आहे ना, ते आधी पर्यटन कार्यालयात विचारावं, आणि ओल्या दिवशी खडकांवर उतरू नये. जवळच लिमोएलू हे कार्तिएचं राहतं घर आहे. परत यायला शहर बस आहे, रविवारी फेऱ्या कमी असतात.

पायात जोर असेल आणि खडकांत रस नसेल तर याच दिवशी बसने काँकाल गाठता येतं. बस ग्रुएँच्या टोकापर्यंत नेत असेल तर तिथे उतरून बंदरापर्यंतचे सात किलोमीटर किनाऱ्याने चालावं, दोन-अडीच तास. हवा स्वच्छ असेल तर पूर्वेला माँ-सँ-मिशेल हे मठाचं बेट दिसतं. काँकालच्या ला उल बंदरात कालवांचे ठेले आहेत. खोलगट कालवांना आकाराचा क्रमांक असतो आणि तो उलटा चालतो: ५ सर्वांत लहान, ० सर्वांत मोठं. पहिल्यांदा खाणाऱ्याने ३ किंवा ४ क्रमांकाची अर्धा डझन घ्यावीत. ठेलेवाला उघडून लिंबासकट देतो, शिंपले तिथेच खाली किनाऱ्यावर टाकायची रीत आहे. उन्हाळ्यात कालवं दुधाळ असू शकतात, नको असतील तर तसं सांगून निवडून घ्यावीत. कालवांची शेती मोठ्या ओहोटीलाच उघडी पडते आणि ट्रॅक्टर थेट समुद्राच्या तळावर उतरतात, म्हणून ओहोटीच्या तासभर आधी पोचावं आणि परतीच्या बसची वेळ उतरल्या-उतरल्या थांब्यावर बघून ठेवावी.